मंगलाबाईंचं औषध

"ग्राहकानं स्वतः बोलायला हवं, मॅडम. कंपनीचा नियम आहे."

"ग्राहक माझी आई आहे आणि ती फेब्रुवारीत गेली," प्रतिभा म्हणाली. "मृत्यूचा दाखला पाठवलाय तुम्हाला."

ओट्यावर तिचे वडील, नाना, शेवंतीच्या पाट्या निवडत बसले होते. फोन स्पीकरवर होता, पण त्यांनी मान वर केली नाही.

"दाखला दिसतोय," पलीकडचा ललित म्हणाला. वजन कमी करायची औषधं घरपोच पाठवणाऱ्या त्या कंपनीत न वैतागणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता. "पण नोंदीत मंगला मॅडमचा कोर्स चालू आहे. दर गुरुवारी आमच्या सल्लागार आरोही मॅडमचं बोलणंही होतं. म्हणून पैसे कापले जातात."

"कोणाशी होतं बोलणं?"

"नोंदवलेल्या नंबरवर, मॅडम."

तो फोन प्रतिभानं दहाव्याच्या दिवशी स्वतः बंद करून आईच्या साड्यांच्या कपाटात ठेवला होता. "म्हणजे तुमच्या आरोही मॅडम न बोलताच नोंद करतात," ती म्हणाली. "मी ग्राहक मंचाकडे जाणार आहे."

ललितनं वरिष्ठांशी बोलून कळवतो म्हणून फोन ठेवला.

"त्या आरोहीवर कशाला आळ घेते?" नाना म्हणाले. "बारकी पोरगी हाय ती. पोटासाठी करते."

"बारकी आहे हे तुम्हाला काय माहीत?"

"नावावरून वाटतं. आमच्या काळात असली नावं होती का?"

प्रतिभाला हसू आलं नाही. औषध तिनंच सुरू करून दिलं होतं. आईचे गुडघे गेले होते, डॉक्टर वजन उतरवा म्हणत होते. पैसे नानांच्या खात्यातून आपोआप जातील अशी सोयही तिनंच केली होती. गुरुवारच्या फोनची मात्र घरात मजा व्हायची. आई सांगायची, "भात सोडला बाई मी." तेवढ्यात ओट्यावरून नाना ओरडायचे, "खोटं! काल परातभर खाल्लाय!" पलीकडची मुलगीही हसायची. पुढं जानेवारीत आईला न्यूमोनिया झाला, आणि महिनाभरात ती गेली.

पैसे जात होते ते फुलांचे होते. पहाटे उठून तोडलेल्या, गणेशवाडीच्या बाजारात नेऊन विकलेल्या फुलांचे. पण प्रतिभाला खरं खुपत होतं ते वेगळंच. कुठल्याशा कंपनीच्या नोंदीत आई अजून जिवंत होती, जेवत होती, वजन सांगत होती. ते तिला सहन होत नव्हतं.

"बँकेत येऊन एक सही करा म्हटलं, तर तेही होत नाही तुमच्याकडून," ती म्हणाली.

"जाऊ ना. आज शेवंती हाय, उद्या झेंडू."

"आणि पार्सलं तरी का घेता?"

"तो पोऱ्या उन्हातान्हात मखमलाबादपर्यंत येतो. त्याला परत कसं पाठवू?"

फडताळात खोकी एकावर एक रचलेली होती. एकही फोडलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी ललितचा फोन आला. कंपनीनं ऐकलं होतं. कोर्स बंद होणार होता, फेब्रुवारीपासूनचे सगळे पैसे परत मिळणार होते.

"फक्त गुरुवारी एक शेवटचा फोन येईल, मॅडम. नोंदवलेल्याच नंबरवर. घरातल्या कोणीही 'बंद करा' एवढं म्हटलं की झालं. मग पुन्हा कधीच फोन येणार नाही."

प्रतिभा त्याच संध्याकाळी इंदिरानगरच्या आपल्या घरून मखमलाबादला नानांकडे गेली. आईचं कपाट उघडलं. साड्यांच्या घडीवर ठेवलेला फोन चालू होता, बॅटरी पूर्ण भरलेली.

"नाना, हा चार्ज कोणी केला?"

"फोटो हायेत ना तिचे त्यात."

तिनं फोन खिडकीत ठेवला. "गुरुवारी मी येतेच. उशीर झाला तर तुम्ही उचला. दोनच शब्द बोलायचे, बंद करा. म्हणाल ना?"

"बरं."

"जिंकलो आपण, नाना."

नानांनी हातातलं फूल उलटसुलट करून पाहिलं आणि पाटीत टाकलं. "लय वणवण केली गं तू," ते म्हणाले.

गुरुवारी दिंडोरी नाक्यावर गर्दीत तिची स्कूटर अडकली. अंगणात शिरली तेव्हा आत आईच्या फोनची ओळखीची रिंग वाजत होती. मग रिंग थांबली. नानांनी उचलला असणार. प्रतिभानं सुटकेचा श्वास सोडला, चपला काढल्या आणि दारापर्यंत आली.

नाना खिडकीशी पाठमोरे बसले होते.

"बंद? बंद कशाला करायचं, आरोही?" ते म्हणत होते. "आमच्या पोरीचा काहीतरी घोटाळा झाला असंल. हाय ना ती. आत्ताच फुलं तोडून आली, हातपाय धुतीय. वजन? कसलं उतरतंय! काल पण परातभर भात खाल्ला तिनं. तूच रागव बाई तिला, माझं नाय ऐकत."