पाण्याशी ओळख

स्वरूपा विहिरीच्या निम्म्या पायऱ्या उतरली आणि तिथंच भिंतीला पाठ लावून थांबली. खाली तिची आत्या, कुशाबाई, लुगड्याचा काचा मारून पाण्यात तरंगत होती. पाय मारता मारता वर बघत होती, पण ये म्हणत नव्हती.

स्वरूपाच्या पाठीला गोड्या तेलाचा रिकामा डबा बांधलेला होता, झाकण मेण लावून घट्ट केलेलं. डब्याला दोर आणि दोराचं टोक आत्याच्या मनगटाला.

विहीर घरचीच. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात स्वरूपाची आई हिच्यातच गेली. पाय घसरला म्हणणारेही होते आणि उडी घेतली म्हणणारेही. पाहिलं कुणीच नव्हतं. तेव्हापासून पोरीचं बोलणं तुटलं. शाळेची वाट विहिरीवरून जायची, म्हणून तिनं शाळाही सोडली. तिला बघितलं की कळस गावातल्या बायका आवाज खाली आणायच्या. पोरगी आईच्याच वाटेनं जाणार, असं एकीनं म्हटलेलं तिच्या कानावर आलं होतं आणि तिच्या बापाच्या, गेणबाच्याही. मग त्यानं तिला नजरेआड होऊ देणंच सोडलं. तिला वाटायचं, बाप आपली राखण करत नाही. आपल्यात जे काही येऊन बसलंय, त्याच्यावर डोळा ठेवतोय.

दिवाळीला माहेरी आलेल्या कुशाबाईनं हे दोन दिवस पाहिलं आणि आज सकाळी डबा शोधायला लागली. गेणबा भडकला.

"आक्का, पोरीला हिरीपासनं लांब ठेवायची, का आत घालायची?"

"लांब म्हंजी कुठं?" कुशाबाई म्हणाली. "पाणी हितंच ऱ्हाणार, आन् तीबी हितंच."

आता गेणबा वर मोटारीच्या खोलीपाशी, विहिरीकडं पाठ करून बसला होता.

ऊन डोक्यावर आलं तसं पाण्याचा तळापर्यंतचा हिरवा रंग उजळला. कुशाबाई पाण्यातूनच बोलायला लागली. तिला नरसिंहपूरला दिलेली. दोन्ही अंगांना नद्या. नवी नवरी होती तेव्हा सासूनं तिच्या हातात चूल द्यायच्या आधी तिला पाण्यात नेलं. ती इतकी भ्याली, की सासूच्या दंडाला कडकडून चावली. दंडावरचा तो वण म्हातारी मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, हे सांगताना कुशाबाईला असं हसू आलं, की तिच्याच तोंडात पाणी गेलं.

स्वरूपा उरलेल्या पायऱ्या बसत बसत उतरली.

पाणी छातीला लागलं तसा तिचा श्वास अडकला. तिनं आत्याच्या गळ्याला मिठी मारली ती सुटेना. आत्यानं सोडवलीही नाही. धर, पण पाय मारत राहा, एवढंच म्हणाली. नाकातोंडात पाणी जाऊन स्वरूपाला ठसका लागला, तेव्हा वर गेणबाच्या वहाणा वाजल्या. काही झालं नाही, नाकात पाणी गेलंय, असं कुशाबाईनं खालूनच सांगितलं. वहाणा काठापाशी येऊन थांबल्या.

हळूहळू स्वरूपाला कळलं, की डबा आपल्याला वर धरतोय. श्वास जरा जाग्यावर आला.

"आत्या," ती म्हणाली. "आईला पवाया यायचं?"

कुशाबाईचे पाय चालूच राहिले.

"न्हाय गं. तिला कुणी शिकवलंच न्हाय."

स्वरूपा पाण्याकडं बघत राहिली. आई आपल्याला टाकून गेली, एवढंच ती आजवर धरून बसली होती. आईनंही इथं हातपाय मारले असतील, या पायरीकडं यायला बघितलं असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिला रडू फुटलं. मोठ्यानं फुटलं, विहीरभर घुमलं. कुशाबाईनं तिला रडू दिलं. डोळे, नाक, सगळंच वाहायला लागलं, तेव्हा पुसायला म्हणून स्वरूपानं आत्याच्या गळ्यातला एक हात काढला, मग दुसरा. पुसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण कुणालाच धरलेलं नाही. आत्या हातभर लांब होती.

तिनं पाय मारले. वेडेवाकडे, पाणी उडवत. समोरच्या भिंतीला हात लागला तशी ती वळली आणि परत आली. पुन्हा गेली.

तिसऱ्यांदा वळली तेव्हा गेणबा पायऱ्या उतरत होता. बायकोला बाहेर काढल्या दिवसापासून तो इतक्या खाली आलाच नव्हता. मोटारसुद्धा वरूनच चालू करून निघून जायचा. त्यानं धोतर गुडघ्यावर घेतलं, शेवटच्या पायरीवर बसला आणि पाण्यात पाय सोडले. पोरगी भिंतीला हात लावून परत येईपर्यंत तो तिचे पाय बघत राहिला.

"डावा पाय आखडतीस," तो शेवटी म्हणाला. "लांब मार."