फोटो मला पण पाठवा

पर्वत पाटिया भागातल्या हॉलमधलं लग्न दुपारी आटोपलं. उरलेल्या पुऱ्या आणि भाजी हॉलवाल्या शेठनी गरिबांसाठी दिली. संध्याकाळी अन्नवाटप करणाऱ्या संस्थेची वर्षा त्याचे डबे भरून उधन्याच्या वस्तीत दारोदार फिरत होती. डबा दिला की फोटो काढून लगेच शेठना पाठवायचा, अशी त्यांची अटच होती. फोटो म्हटलं की बाया तोंड फिरवायच्या, पदर पुढे ओढायच्या.

शेवटच्या खोलीतल्या सुंदरामावशीने मात्र झाकण काढून डबा छातीशी धरला आणि सरळ मोबाइलकडे बघितलं.

"पुऱ्या दिसतात ना त्यात?"

"दिसतात. मस्त आलाय, मावशी." वर्षाने फोटो पाठवून दिला.

"मग मला पण पाठवा, ताई. उद्या शेठना दाखवायचाय."

"शेठना? कशाला?"

"सकाळपासून ह्या पुऱ्या मीच लाटत होते तिथं. निघताना पोरीसाठी दोन-चार पदरात बांधून घेतल्या, तर शेठनी गेटवर सगळ्यांसमोर पदराची गाठ सोडायला लावली. चोर म्हणाले. उद्यापासून येऊ नको म्हणाले. आता त्याच पुऱ्या त्यांनीच घरी पाठवल्या, म्हटल्यावर दाखवायला नको?"

तेवढ्यात वर्षाचा मोबाइल वाजला. शेठचा मेसेज होता.

"वा! ह्या बेनचा चेहरा किती गरीब आहे. हाच फोटो मोठा करून आपल्या गेटवर लावा."