बाटली नंबर सहा

अक्षता बी.एस्सी.ला नापास झाली. तिकडं आपण लक्ष द्यायचं नाही. असं धरायचं की काही झालेलंच नाही, दोन हजार दोनचा एप्रिल आहे, आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती बाटली नंबर सहासमोर पेन उघडून उभी आहे.

प्रॅक्टिकलच्या टेबलावर ओळीनं बाटल्या मांडलेल्या. एकेका बाटलीसमोर एक मिनिट. आतला प्राणी ओळखायचा, नाव लिहायचं, आकृती काढायची, घंटा वाजली की पुढं सरकायचं. बाटलीला हात लावायचा नाही. दोन मार्क.

सहा नंबरची बाटली कॉलेजात सगळ्यांना पाठ होती. बुटकी, झाकणावर लाखेचा लाल गोळा. लाल गोळा म्हणजे बॅलनोग्लॉसस. हा समुद्रातला मऊ, लांबट किडा. कोल्हापूरला समुद्र नसल्यामुळं तो इथं बाटलीतच राहतो. प्रत्येक बॅच जाताना पुढच्या बॅचला झाकणं शिकवून जायची. प्राण्यांकडं बघण्यात वेळ घालवायची पद्धत नव्हती.

अक्षतानं बघितलं. बाटलीत पिवळट पाणी होतं. पाण्यात काही नव्हतं. तिनं वाकून बघितलं, बाजूनं बघितलं. तळाशीही काही नव्हतं. विभागप्रमुख पाच्छापुरे सर तीन वर्षं वर्गात एकच सांगत आले होते, की दिसतं तेच लिहा. तिनं लिहिलं, ‘फॉर्मालिन. प्राणी नाही.’ घंटा वाजली. मागची विद्याश्री त्या जागी आली. तिनं बॅलनोग्लॉससची आकृती काढली आणि बाण करून सोंड, गळपट्टी, धड अशी नावंही दिली.

जूनमध्ये निकाल लागला. अक्षता प्रॅक्टिकलला एका मार्कानं गेली.

एरवी ऑक्टोबरला बसता आलं असतं. पण तिला कागलच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. एक जुलैला पास झाल्याचा कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर यादीतली पुढची मुलगी. काम सोपं होतं. बाटली बघायची आणि आत काय आहे ते लिहायचं. तिच्या वडिलांनी, अण्णासोंनी, अख्ख्या गडमुडशिंगीत हे सांगून टाकलं होतं. ज्यांना सांगितलं नव्हतं तेही अभिनंदन करून गेले होते.

विद्याश्रीनं तिची समजूत काढली. “पण तू बघितलीस कशाला? मी तर लेबलिंग पण केलो की.”

प्रॅक्टिकलची फेरतपासणी होत नाही. तरी प्राचार्यांना दया आली आणि त्यांनी तिघांची समिती नेमली. ते स्वतः, पाच्छापुरे सर आणि वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. बाटली खिडकीत उजेडाला धरण्यात आली. प्राचार्य भूगोलाचे. त्यांना आत काहीतरी असल्यासारखं वाटलं. मॅडम म्हणाल्या की प्राणी हा आपला विषय नाही, पण नमुना ताजा दिसतो.

दाराशी लॅब अटेंडंट भरमाप्पा उभा होता. निपाणीकडचा माणूस, रिटायर व्हायला आला होता. त्याला अक्षताच्या तोंडाकडं बघवेना.

“सर, शहाऐंशी साली फॉर्मालिन मीच बदललो,” तो म्हणाला. “तवाच ते जनावर बेसिनमधनं गेलं. आत कायबी न्हाई.”

निकालापासून पहिल्यांदाच अक्षताला पोटभर श्वास घेता आला.

पाच्छापुरे सरांनी चष्मा पुसला. “भरमाप्पा, मी अठ्ठ्याऐंशीचा विद्यार्थी. मला ह्याच बाटलीनं दोन मार्क दिलेत. मी पास झालो, इथंच लागलो, आज विभागप्रमुख हाय. आणि तुम्ही म्हणताय, आत कायबी न्हाई?”

भरमाप्पानं सरांकडं बघितलं. मग बाटलीजवळ गेला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

“हाय की,” तो म्हणाला. “शेपटाकडं जरा बारीक झालंय.”

समितीनं अहवाल दिला, की नमुना सुस्थितीत असून तो फक्त विद्यार्थिनीस दिसत नाही. तरी सहानुभूती म्हणून एक सवलत देण्यात आली. तीस जूनपर्यंत प्राणी दिसला तर मार्काचा विचार होईल. पाच्छापुरे सर मनानं वाईट नव्हते. त्यांनी तिच्यासाठी स्टूल ठेवलं, ट्यूबलाइट लावून दिली.

अक्षता रोज गडमुडशिंगीहून यायची आणि बाटलीसमोर बसायची. पाणी पिवळट होतं. पाण्यात काही नव्हतं. एकोणतीस तारखेपर्यंत तिनं तग धरला. तीस तारखेला सकाळी ती उठून सरांच्या केबिनमध्ये गेली आणि खाली मान घालून म्हणाली, प्राणी दिसला.

सरांना खरोखर आनंद झाला. ते लगबगीनं तिच्याबरोबर बाटलीपाशी आले. खात्री म्हणून एवढंच विचारलं, की तोंड कुठल्या बाजूला आहे?

अक्षतानं वर बोट केलं.

सरांनी वाकून, नीट निरखून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“खाली हाय, बाळ,” ते म्हणाले.

दुपारी अक्षतानं कॉलेजच्या पायरीवर बसून कागलच्या कंपनीला अर्ज लिहिला. अक्षर सुवाच्य होतं, समास सोडलेला होता, विषय लिहून खाली रेघ मारलेली होती. शेवटचं वाक्य असं होतं: ‘तरी सदर प्राणी मला योग्य बाजूने दिसेपर्यंत कामावर रुजू होण्यास मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.’