चाल पाहा, चाल

पंजाबरावानं बैलाच्या मानेत सुई टोचली, सिरिंज गोठ्यामागच्या गवतात भिरकावली आणि टोचलेली जागा चोळत तो स्वतःशीच हसला. सकाळी तीन पायांवर उभा असलेला हा पांढरा बैल दुपारी मुकुटबनच्या बाजारात नवरदेवासारखा मिरवणार होता.

त्याची दलाली अशीच चालायची. कापसाचा भाव पडला तसे लोक चांगल्या जोड्या विकून स्वस्तातला बैल शोधत फिरू लागले, आणि स्वस्तातला बैल म्हणजे पंजाबरावाच्या दावणीचा. कोणी वाकून सुजलेला सांधा चाचपू लागला की हा ओरडायचा, "चाल पाहा, चाल! पाय कायले पाहता?" आणि लोक खरंच चाल पाहायचे. दुखणं कळत नाही म्हणून तो बैल जीव तोडून वखर ओढायचा, आणि सुई उतरली की जो बसायचा तो पुन्हा उठायचा नाही. तोवर पंजाबराव दुसऱ्या गावी. जिथं सुईचा बैल खपवला त्या बाजाराचं तोंड वर्षभर पाहायचं नाही, हा त्याचा नेम होता. "बैलबुद्धीचे साले," तो लोकांना म्हणायचा. "डोये आहेत, पन पाहाची अक्कल नाही."

अक्कल काय ती एकट्या पंजाबरावाला! मोटारसायकलवरून पडून त्याचा स्वतःचा गुडघा गेलता. पार काठी आली होती हातात. मग मुकुटबनच्या बाजारात तंबू ठोकून बसणाऱ्या गोपाल पहेलवानाची पुडी त्यानं सुरू केली. जंगलातल्या मुळ्या कुटून केलेली, म्हणे. दोन पुड्यांत काठी सुटली. चार महिन्यांत तोंड असं फुगलं की बायको, विमलताई, घाबरून म्हणाली, "अवो, हे तोंड हाय का भोपया?" पंजाबराव म्हणाला, "तब्येत सुधरली तं तुले पाहावत नाही."

तिनंच त्याला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या शगुफ्ता डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढून पाहिला, साखर तपासली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, या पुडीत स्टेरॉइड असणार. दुखणं झाकलं जातं, सांधा आतून कुजत राहतो. पुडी आणून दाखवा, मी ती हळूहळू सोडवते. एकदम बंद कराल तर जिवावर बेतेल."

कालची पोरगी ही, आणि आपल्याला शिकवते! पंजाबराव उठला आणि ताठ मानेनं तिच्या टेबलाभोवती चक्क गोल फिरून आला. "म्याडम, चाल पाहा, चाल!" एवढं बोलून जो निघाला तो परत काही तिकडे फिरकला नाही.

आणि आज तर त्यानं पहेलवानालाच गंडवायचं ठरवलं होतं. वर्षभराच्या पुड्या एकदम घ्यायच्या, बदल्यात हा बैल द्यायचा. मग वर्षभर मुकुटबन बंद. एवढा मोठा वैद्य, पण बैलातलं त्याला काय कळणार डोंबल!

दुपारी बाजारात पहेलवान त्याच्याकडं बैल पाहायला आला. खांद्याला पुड्यांची गच्च भरलेली थैली. पंजाबरावानं बैल ऐटीत फिरवून दाखवला. "चाल पाहा, पहेलवान, चाल!"

पहेलवानानं दोर हातात घेऊन चाल पाहिली. मग खाली बसून बैलाचा सुजलेला सांधा दाबला. बैल हूं की चूं करेना. पहेलवान पोट धरधरून हसू लागला.

"कायले हसून राह्यले?" पंजाबराव चिडला.

"पंजाबराव, असा सांधा अन् अशी चाल! रोज अशीच मानसं माह्या तंबूतून बाहीर पडतात जी." त्यानं दोर पंजाबरावाच्या हातात परत कोंबला. "तुमची सुई, माही गोयी. कुटून पुडी बांधली का झालं. माल एकच हाय बाप्पा. तुमी तं यातले, तुमाले ठाऊक असन वाटलं मले."

पंजाबरावाचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. त्यानं दाबून पाहिलं. गुडघा चांगला टरटरून सुजला होता, आणि दुखत मात्र कणभर नव्हता. शेजारी बैल निवांत रवंथ करत होता. असे किती बैल बसलेले त्यानं ऐकले होते! पाहिला मात्र एकही नव्हता.

पहेलवान थैली घेऊन वळला. तेव्हा कुठं पंजाबरावाला दिसलं, की त्याचा तंबू कधीच उतरलाय, बांबू आणि बोचकी टेम्पोत चढलीत. पहेलवान चढला, टेम्पो सुरू झाला. आजवर कोणापुढं न वाकलेला पंजाबराव टेम्पोमागं पळाला. हो, पळाला, चाल अजून झक्क होती.

"पहेलवान! मले असं अर्ध्यावर सोडू नका जी. पुढच्या बाजाराले याल ना इथं?"

पहेलवानानं टेम्पोतून डोकं बाहेर काढलं.

"तुमी येता काय कधी?"