पंचवीस ओळींत बाप

दोंडाईच्याच्या उखर्डू आबांचा लीलाधर धुळ्याला कम्प्युटर क्लासात शिकवायचा. मुंबई-पुण्याचे लोक फोनच्या तारेवरून आपापल्या कम्प्युटरवर पाहायचे त्या बुलेटिन बोर्डावर टाकायला त्याने नुसती अक्षरं, फुल्या, टिंबं जोडून बापाचा चेहरा काढला. पण कोण्या दीडशहाण्याने कम्प्युटरचा पडदाच पंचवीस ओळींचा करून ठेवलेला! सव्विसावी ओळ आली की पहिली वर पळून जायची, आणि पहिलीतच आबांची टोपी. चेहरा लहान काढावा तर नाक आणि मिशी एक होऊन जाई.

आबा मुद्दाम पाहायला आले आणि स्वतःला बोडकं पाहून कडाडले, "मनी टोपी कोठे गयी रे? मुंबईवालासपुढे बापले बोडका उभा करस?"

"पडदा लहान शे, आबा. टोपीसंगे तुम्ही मावतस नही."

आता सगळ्या क्लासादेखत शिव्या पडणार म्हणून लीलाधरने मान फिरवली. पण शिव्यांऐवजी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून पाहतो तर उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेले आबा फोटोवाल्यासमोर बसावं तसे पडद्यासमोर बसलेले. पाठ वाकवलेली, हनुवटी छातीत खुपसलेली, टोपी दोन्ही हातांनी दाबून धरलेली.

"आते दख बरं, भाऊ. मावस का?"