पाहुण्यांसाठी गाणं

‘या पाहुणे, या, डोंगर तुमचा, झरा तु–’

तालीम तिथंच तुटली. शाळेमागच्या कुरणातून फट्. मग फट् फट् फट्.

आता सगळी पोरं पोशाखांच्या खोलीत, भिंतीला चिकटून. दिवा बंद. कडी आतून. डोक्यांवर कागदी टोप्या, टोप्यांवर पाहुण्यांच्या कंपनीचा गरुड. एकही मूल रडत नव्हतं. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरला तर काय करायचं, हे त्यांना बालवाडीपासून शिकवलं होतं, आणि शिकवलं होतं लोरीनबाईंनीच.

बोलायचं नाही. हलायचं नाही. हाक आली तरी उघडायचं नाही.

फट्.

एका पोराची चड्डी ओली झाली. शेजारच्या टॅलीनं आपला स्वेटर गुपचूप त्याच्या मांडीवर टाकला. लोरीननं अंधारात पुन्हा डोकी मोजली.

ड्वेन बाहेर होता.

तिचा नवरा. मोज्यांची गिरणी बंद पडल्यापासून घरीच. या पाहुण्यांचा बंदुकांचा कारखाना आला तर गावात राहायचं, नाही तर घर विकून कुठंतरी जायचं. म्हणून आज तो इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या दाराशी उभा होता, पाहुण्यांना बर्फ घातलेला गोड चहा द्यायला. काउंटीच्या कचेरीतल्या प्रूइटसाहेबांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, “शेजारचे जॉर्जियावाले कारखान्याला जमीन फुकट द्यायला टपलेत. अलाबामाचं नाक कापू नका. पाहुणे म्हणतील त्याला हो म्हणायचं.”

फट्. मग काहीच नाही. हे काहीच नसणं जास्त वाईट.

पावलं आली. पुष्कळ पावलं. दारावर टकटक.

“लोरीन, उघड गं. मी आहे.”

ड्वेन! जिवंत! तिचा हात कडीकडे गेला. टॅलीनं तिचं मनगट पकडलं आणि मान हलवली. ओळखीचा आवाज असला तरी नाही. पाठीला बंदूक टेकवली की कुणीही गोड हाक मारतं. हेही बाईंनीच शिकवलेलं.

“अगं, अंधारात काय बसलीस पोरांना घेऊन? पाहुणेच होते ते! कुरणात नवी बंदूक चालवून बघत होते.”

“बाई, काढा पोरं बाहेर,” मागून प्रूइटसाहेब ओरडले. “गाणं राहिलंय! इकडे चहातला बर्फ वितळला!”

माणसं हसली. मोकळं, जेवणाआधीचं हसू. पाठीला बंदूक लावलेली माणसं असं हसत नाहीत. लोरीननं डोळे पुसले आणि कडी वर सरकवली.

“जागा पसंत पडली त्यांना,” दारापलीकडे ड्वेनला शब्द आवरत नव्हते. गिरणी बंद झाल्यापासून तो असा बोललाच नव्हता. “मला कामावर घेतायत गं, लोरीन! बंदुका तपासायचं मैदान इथंच, कुरणात. आता रोजच वाजणार ते. होईल पोरांना सवय.”

टॅली अजूनही कुजबुजतच बोलली.

“मिस लोरीन, मग खरा कुणी आला तर आपल्याला कळणार कसं?”

लोरीननं कडी पुन्हा लावली.