खिळ्यावरची पिशवी

सकाळी सात चाळीसला थर्मामीटर फुटला. नातवाचा ताप बघून झाल्यावर बुरुल तो झटकत होती. हातून निसटला, पलंगाच्या कडेवर आपटला आणि पाऱ्याचे थेंब जमिनीवर पळाले. शेजारच्या खोलीत सून कानिशाय पोराला कुशीत घेऊन झोपली होती. रात्रभर जागली होती, म्हणून बुरुलने तिला उठवलं नाही. दार लावून घेतलं आणि खिडकी उघडली.

पाऱ्याला झाडू लावायचा नाही, एवढं तिला ठाऊक होतं. झाडूने एका थेंबाचे दहा होतात. कालच्या नानचा मऊ गर काढून तिने बोटांनी मळला आणि गुडघ्यांवर बसून एकेक थेंब टिपून घेतला. पलंगाखालचे, कपाटाच्या पायाजवळचे, दोन फळ्यांच्या फटीत गेलेला एक. गराच्या करड्या गोळ्या झाल्या. त्या तिने उरलेल्या नानसकट पांढऱ्या पिशवीत घातल्या, गाठ मारली, चार मजले उतरून गेली आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यांशेजारच्या खिळ्याला अडकवून आली. तिथे शेजाऱ्यांच्या शिळ्या नानच्या तीन पिशव्या आधीच होत्या.

नऊला कानिशाय उठली. खिडकीत ठेवलेली फुटकी नळी पाहून तिने आपत्कालीन विभागाला फोन लावला. पलीकडचा माणूस सवयीने विचारत गेला. खोली केवढी, खिडकी उघडी आहे का, लहान मूल आहे का. मूल घेऊन बाहेर पडा, म्हणाला.

"आणि पारा पाण्याच्या बरणीत ठेवा. झाकण घट्ट लावा. आमची माणसं येऊन नेतील."

कानिशायने फोनवर हात ठेवला. "आपा, पारा कुठंय?" तिने सासूला विचारलं.

"नानने टिपला सगळा. एक थेंब ठेवला नाही."

"पण टाकला कुठं? कचऱ्यात?"

बुरुल दुखावली. "नान कचऱ्यात टाकीन का मी? खिळ्याला लावला."

कानिशाय नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यानेच बुरुलच्या ध्यानात आलं. खिळ्यावरचा नान डोंगराकडच्या वस्तीतला जुमाश नेतो. नेतो तो गाईसाठी.

ती चपला न घालताच खाली धावली. खिळा रिकामा होता. झाडूवाली ल्यूबा पानांचा ढीग करत होती.

"जुमाश? साडेआठलाच गेला. आज चार पिशव्या मिळाल्या म्हणून खुशीत होता. का हो, सोन्याचे दात गेले की काय त्यात?"

"नंबर दे त्याचा."

ल्यूबाने झाडू भिंतीला टेकवला.

तीनदा फोन वाजून बंद झाला. गाडी चालवताना तो घेत नाही, ल्यूबा म्हणाली, आणि ती गाडी म्हणजे माणूस चालत लवकर पोचेल. बुरुल बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. पोराला रजईत गुंडाळून कानिशाय खाली आली.

"नाव सांगू नका, आपा," ती हळूच म्हणाली. "म्हणा, नानमध्ये पारा आहे असं डब्यांपाशी लोक बोलत होते."

नऊ पन्नासला फोन उचलला गेला.

"मी बुरुल. चौथा मजला," बुरुल म्हणाली. "जुमाश, आजचा नान गाईला घालू नकोस. एका पिशवीत पारा आहे. मीच घातला."

पलीकडे बादलीचा आवाज थांबला.

"कोणती पिशवी, एजे?" वयाने मोठी म्हणून तो तिला एजे म्हणायचा.

"पांढरी. वर गाठ आहे."

"सगळ्या पांढऱ्याच असतात. सगळ्यांना गाठ असते. भिजवून घातलाही. भुकेली होती. घमेल्याच्या तळाला थोडा राहिलाय."

"काठीने बघ. हात घालू नकोस. करड्या गोळ्या आहेत का?"

काठी घमेल्यावर घासल्याचा आवाज आला.

"एक दिसतेय. चकाकतेय. किती होत्या?"

बुरुलने आठवून पाहिलं. "सात. आठ असतील."

काठी खाली टाकल्याचा आवाज आला. मग जुमाश म्हणाला, "अकरा वर्षं त्या खिळ्यावरचा नान नेतोय, एजे. एकदाही पिशवी उघडून बघितली नाही. नानच्या पिशवीत कोण काय घालणार?"

"जनावरांच्या डॉक्टरला बोलाव. मी येतेय."

"तुम्ही येऊन काय धार काढणार? दुधाच्या गिऱ्हाइकांना काय सांगू, ते सांगा."

"खरं सांग. माझं नाव सांग."

विभागाची माणसं अकराला आली. यंत्राने खोलीतली हवा मोजली, ठीक आहे म्हणाली आणि पारा मागितला. कानिशायने त्यांना जुमाशचा पत्ता दिला.

तोवर बुरुल तिथे पोचली होती. बिश्केकच्या टोकाला, डोंगराच्या बाजूची ती वस्ती. डॉक्टर दुसऱ्या गावात अडकला होता, पाचच्या आत येणं जमणार नव्हतं. पारा पोटात राहतो की तसाच बाहेर पडतो, हे बघितल्याशिवाय बोलता येणार नाही, असं तो फोनवर म्हणाला. तोवर दूध कोणाला द्यायचं नाही. शेण उकिरड्यावर टाकायचं नाही, झाकणाच्या भांड्यात धरायचं.

जुमाश कुंपणाला टेकून उभा होता. तो तिच्याशी बोलत नव्हता. जा असंही म्हणाला नव्हता.

दुपारी दोनला गाय उभी होती, रवंथ करत होती. झाकणाची बादली मांडीवर घेऊन बुरुल तिच्या मागे बसली होती.